शुभेच्छापत्र आणि क्षमापत्र

डिसेंबर उजाडला की मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्याच्या रविवार पेठेत तांबड्या-हिरव्या कागदांचे ढीग लागतात. रंगीत पुठ्ठे, चमकीचे तारे, भेटवस्तूंची खोकी, छापील शुभेच्छापत्रे यांचा व्यापार करणारी अनेक घरे आपल्या समाजात आहेत. सण एकाचा आणि व्यापार दुसऱ्याचा, ही आपल्या देशातील जुनी रीत आहे व तीत गैर काहीच नाही. मात्र ज्या सणाचा माल आपण विकतो, त्या सणातील एखादी चांगली प्रथा गल्ल्यापलीकडे जाऊन समजून घ्यावी, हेही व्यापारी शहाणपणाचेच लक्षण होय. आज अशाच एका प्रथेविषयी लिहावयाचे आहे. ती म्हणजे नाताळात घरी, कुटुंबाने मिळून, हाताने तयार केलेली शुभेच्छापत्रे.

आरंभी छापील शुभेच्छापत्राची कुळकथा पाहू. त्याचा जन्म सवडीच्या अभावातून झाला. इंग्लंडमध्ये पूर्वी टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. १८४० मध्ये रोलंड हिल यांच्या सुधारणेनुसार अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. पत्रांचा अक्षरशः पूर आला. या सुधारणेसाठी झटलेल्यांपैकी एक होते हेन्री कोल. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे ते पहिले संचालक झाले. नाताळात येणाऱ्या पत्रांना स्वहस्ते उत्तरे लिहिण्यास या कामसू गृहस्थांना वेळ पुरेना. तेव्हा १८४३ मध्ये त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. मध्यभागी तीन पिढ्यांचे कुटुंब मेजाभोवती बसलेले, डाव्या-उजव्या बाजूस भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसे, खाली नाताळच्या व नववर्षाच्या शुभेच्छांची एक ओळ, आणि पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव भरण्यास मोकळी जागा. छपाईनंतर प्रत्येक प्रत हाताने रंगविली होती.

कोल यांनी उरलेल्या प्रती विक्रीस ठेवल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. ज्या काळी टपालहशील एक पेनी होते, त्या काळी पत्र हशिलाच्या बारापट महाग! वर चित्रातील कुटुंबाच्या हाती मद्याचे पेले असून एका लहान मुलालाही घोट पाजला जात होता. त्यावरून तेथील मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनी बरीच टीका केली. आपल्या वाचकांना ती टीका पटावी, यात नवल नाही. परंतु दोन्ही बाजूंची अन्नदानाची व वस्त्रदानाची चित्रेही विसरता कामा नये. घरातील आनंद बाहेरच्या अभावग्रस्तांची आठवण ठेवून करावा, हा विचार पहिल्याच शुभेच्छापत्रावर होता.

पुढील कथा व्यापाऱ्याला सहज समजेल. भाव उतरला, खप वाढला. १८७० मध्ये ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीत कार्ड पाठविण्याची सोय झाली. रंगीत शिळाछापाचे तंत्र सुधारले. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या लुई प्रँग यांनी बोस्टन येथे १८७० नंतरच्या दशकात उत्तम रंगछपाईची नाताळपत्रे बाजारात आणली. आपल्याकडेही १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि गरिबाचाही निरोप दूरदेशी पोहोचू लागला. ही मोठीच सोय होती. मात्र सोय वाढत गेली तसतसा मजकूर आखडत गेला. पूर्वी चार पाने लिहिणारा मनुष्य छापील ओळीखाली केवळ सही करू लागला. नंतर सहीचाही शिक्का आला. वर्षअखेरीस बँकांतून व पेढ्यांतून जाणाऱ्या शुभेच्छापत्रांच्या थप्प्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

असे असूनही पाश्चात्त्य घरांतून हाताने पत्रे करण्याची चाल मोडली नाही. डिसेंबरच्या एखाद्या सुटीच्या दिवशी जेवणाचे मेज मोकळे करून त्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरतात. बटाट्याच्या फोडीवर तारा किंवा झाड कोरून त्याचे ठसे उमटवितात. तान्ह्या बाळाचा पंजा रंगात बुडवून कागदावर उठवितात. आजी मजकूर सांगते, नातवंडे लिहितात. आलेली पत्रे दोरीवर टांगून भिंतीशी लावली जातात आणि ६ जानेवारीच्या सुमारास इतर सजावटीबरोबर उतरविली जातात. काटकसरी घरांत त्या पत्रांची चित्रे कातरून पुढील वर्षी भेटवस्तूंवरील नावाच्या चिठ्ठ्या करतात. अपरिग्रहाची दीक्षा न घेताही वस्तूचा पुरेपूर उपयोग करणारी ही रीत आपल्या आजीबाईंना आवडली असती.

या हस्तकलेतून मोठे व्यापारही उभे राहिले. जर्मनीत गेरहार्ड लांग नावाच्या मुलाला नाताळ कधी येतो असे होई. त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस लहान गोड पदार्थ लावून दिले. रोज एक खावयाचा. शेवटचा संपला की सण आला. हाच मुलगा मोठेपणी म्युनिकमध्ये छपाईच्या व्यवसायात शिरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने नाताळपूर्व दिवस मोजणारी छापील दिनदर्शिका काढली. आज जगभर तिचा खप आहे. त्या व्यापाराचे मूळ भांडवल म्हणजे एका आईने स्वयंपाकघरात घालविलेली संध्याकाळ.

पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, फ्रान्स व बेल्जियममधील स्त्रिया कार्डांवर बसविण्याची चित्रे हाताने भरतकाम करून तयार करीत. आघाडीवरील सैनिक ती विकत घेऊन आई, पत्नी वा मुलींना पाठवीत. आणखी एक उदाहरण अधिक हृद्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्याला संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून, म्हणजे युनिसेफकडून, मदत मिळाली. तेथील सात वर्षांच्या एका मुलीने आभारादाखल चित्र काढले. कागद मिळेना म्हणून तिने ते काचेवर रंगविले. नाचणाऱ्या मुलांचे ते चित्र १९४९ मध्ये युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र ठरले आणि त्यातून जगातील बालकांसाठी निधी उभारण्याची एक मोठी परंपरा सुरू झाली. ज्या बालिकेजवळ कागदही नव्हता, तिने आभार मानण्याचे काम मात्र दुसऱ्या कोणावर सोपविले नाही.

येथपर्यंतचे सर्व परक्या घरचे झाले. आता आपल्या घरात पाहू.

संघाने हाताने लिहून व चित्रे काढून पत्र पाठविण्याची प्रथा आपल्याकडे नाताळपत्राच्या किती तरी आधीपासून आहे. श्वेतांबर परंपरेतील विज्ञप्तिपत्रे ही ती प्रथा. एखाद्या नगरीचा संघ दूरदेशी विराजमान आचार्यांना क्षमापना निवेदन करी आणि पुढील चातुर्मासासाठी आपल्या गावी पधारण्याची विनंती करी. हे पत्र म्हणजे कित्येक फूट लांबीची गुंडाळी असे. आरंभी मंगलकलश, अष्टमंगल, त्रिशलामातेची चौदा स्वप्ने; त्यानंतर आपल्या नगरीचे चित्र, म्हणजे बाजारपेठ, दुकाने, देरासर, उपाश्रय; आणि अखेरीस विनंतीचा मजकूर. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. शालिवाहन या चित्रकाराने ते रंगविले असून पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे. ‘आम्ही असे आहोत, येथे राहतो, आमचे चुकले असल्यास क्षमा करावी, आणि आपण यावे,’ एवढाच त्या साऱ्या कलाकुसरीचा आशय. त्यासाठी संघाने कलावंत नेमला, दिवस घालविले, आणि आपल्या दुकानांसह आपले गाव आचार्यांसमोर मांडले.

याच मुळाशी नाते सांगणारे आपले क्षमापनापत्र. श्वेतांबरांकडे संवत्सरीनंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ आणि दिगंबरांकडे दशलक्षण पर्वानंतर ‘उत्तम क्षमा’, असे शब्द भिन्न असले तरी भाव एक. पूर्वी घरातील वडीलधारे पुरुष शाईच्या दौतीजवळ बसून गावोगावच्या सग्यासोयऱ्यांना पोस्टकार्डे लिहीत. मग छापील पत्रिका आल्या. पाठोपाठ भ्रमणध्वनीवरील तयार चित्रे आली. आता संवत्सरीच्या सायंकाळी एकच फुलांचे चित्र शेकडो लोकांकडून येते आणि आपणही तेच शेकडो लोकांना पुढे ढकलतो. ज्याच्याशी आपले काहीही वाकडे नाही, त्याची क्षमा आपण निमिषात मागतो. ज्याच्याशी वाकडे आहे, त्याचे नाव यादीत नसते. हेन्री कोल यांना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी छापील पत्र काढले. आपल्याला बहुधा धैर्य नसते, म्हणून आपण ते वापरतो.

बँकेच्या नोकरीत भागीदारी पेढ्यांची चालू खाती हाताळताना या गोष्टीचा प्रत्यय येत असे. दोन सख्ख्या भावांची एक पेढी होती. तंटा झाला आणि ‘दोघांपैकी कोणाचीही सही’ ही सूचना बदलून ‘दोघांच्याही सह्या’ अशी लेखी सूचना शाखेत आली. थोरले सकाळी येत, धाकटे दुपारी. धनादेशावर एकाची सही झाली की तो दुसऱ्याच्या सहीसाठी आमच्या खणात पडून राही. तीन वर्षे संवत्सरीला दोघांचीही छापील क्षमापनापत्रे बँकेत येत होती. मुद्रणालय एकच, गाथा एकच. बँकेच्या शिपायापर्यंत सर्वांची क्षमा मागितली जाई. परस्परांना मात्र ती पत्रे जात नसत.

पुढे एका डिसेंबरात थोरल्यांच्या नातीला शाळेत घरच्या माणसांसाठी शुभेच्छापत्रे करावयास सांगितली. तिने छोट्या दादांसाठीही एक पत्र केले. घडी घातलेला पुठ्ठा, त्यावर रंगीत खडूने काढलेले दुकान, दुकानात गादीवर बसलेली दोन माणसे. पत्ता तिला येत नव्हता, म्हणून तो आजोबांनी लिहावा असा तिचा हट्ट. त्यांनी पत्ता लिहिला, आणि आत रिकामी राहिलेली जागा पाहून दोन ओळी लिहून खाली ‘मिच्छामि दुक्कडम्’ असेही लिहिले. संवत्सरी होऊन तीन महिने लोटले होते. रिवाज म्हणून ते शब्द लिहिण्याचा तो दिवस नव्हता. म्हणूनच वाचणाऱ्याला ते खरे वाटले, असे धाकट्या बंधूंनी पुढे स्वतः मला सांगितले. जानेवारीत दोघे भाऊ एकत्र शाखेत आले. पेढी एक राहिली नाही. गोदाम, देणी-येणी व नाव यांची वाटणी झालीच. परंतु ती न्यायालयाबाहेर, एका मेजावर बसून झाली, आणि खाते बंद करण्याच्या अर्जावर दोघांनी एकाच वेळी, एकाच लेखणीने सह्या केल्या. व्यापारी कुटुंबात वाटणी अटळ असू शकते. वैर अटळ नसते.

आपले शास्त्रही या बाबतीत मुदत घालून देते. कर्मग्रंथात कषायांचे चार प्रकार त्यांच्या टिकण्यावरून सांगितले आहेत. संज्वलन कषाय पंधरा दिवस, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष, आणि त्याही पलीकडे जन्मभर टिकणारा तो अनंतानुबंधी, जो सम्यक्त्वाचाच घात करतो. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांचा क्रम या मुदतींशी जुळतो. बँकेच्या भाषेत बोलावयाचे तर हे थकबाकीचे वर्गीकरण आहे. मुदत टळली की खाते अधिकाधिक वाईट वर्गात जाते. ज्या रागावरून संवत्सरी येऊन गेली आणि तरीही तो शिल्लक आहे, त्याच्यासाठी पुढच्या भाद्रपदाची वाट पाहणे परवडणारे नाही.

यास्तव एक सूचना करावीशी वाटते. नाताळाच्या सुटीत मुले घरी असतात. एक दुपार राखून ठेवावी, दूरचित्रवाणी बंद करावी, आणि तीन पिढ्यांनी एकत्र बसून थोडी पत्रे करावीत. दहाच करावीत, शंभर नकोत.

साहित्य आपल्या आचाराला साजेसे असावे. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांपासून केलेला असा कागद उत्तम. घरातील जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ त्याहूनही उत्तम. चिकटविण्यासाठी सरस वापरू नये, कारण तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ पुरते. ती लागेल तेवढीच करावी. उरलेली खळ रात्रभर ठेवल्यास तीत जीवोत्पत्ती होते, हे आपल्या गृहिणींना सांगण्याची आवश्यकता नाही. रेशमी फितीऐवजी सुती दोरा घ्यावा. लाखेची मोहोर टाळावी. लाख किड्यांपासून मिळते. कार्मिन नावाचा तांबडा रंगही मूळचा किड्यांचाच. त्याऐवजी हळदीचे कुंकू आहे. चमकी म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचा चुरा, तीही नको. मुलांना हे करता करता सांगितले तर अहिंसेचा एक पाठ आपोआप होतो.

पत्रे कोणाला पाठवावीत? पहिली दोन-तीन आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना, मुलांच्या शिक्षिकेला, दुकानातील ख्रिस्ती सहकाऱ्याला. मुंबई, वसई, गोवा येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना एक अडचण नेहमी जाणवते. नाताळात शेजारघरून फराळाचे ताट येते. गोव्यात तर शेजारीपाजारी असे ताट पाठविण्याची जुनी रीतच आहे. नेवऱ्या, कुलकुल, केक. त्यांत अंडे असेल का, हा प्रश्न. विचारावे तर संकोच, न खावे तर त्यांचे मन दुखावते. आपण होऊन आधीच एक हातचे पत्र आणि घरची सुक्या मेव्याची वडी पाठवावी व आपला आहारनियम नम्रपणे त्यात लिहावा. संकोच पुष्कळसा दूर होतो. पत्रात अंडे नसते. ते कोणत्याही घरातून कोणत्याही घरात निःशंक जाते.

पुढची काही पत्रे वृद्ध आप्तांना, ज्यांना भ्रमणध्वनीवरचा मजकूर दिसत नाही. आणि एक पत्र, एकच, अशा व्यक्तीला ज्याचे नाव आपण संवत्सरीच्या यादीतून वगळले होते. त्यात हिशेब मांडू नये. कोणाचे किती चुकले, हे लिहू नये. मुलांनी काढलेले चित्र, प्रकृतीची विचारपूस आणि शेवटी आपले दोन शब्द, एवढे पुरे.

उत्तराची अपेक्षा मात्र ठेवू नये. इंग्रजी घरांतून नाताळपत्रांच्या याद्या ठेवण्याची पद्धत आहे: कोणाला पाठविले, कोणाकडून आले. दोन वर्षे उत्तर आले नाही की नाव खोडतात. व्यापाऱ्याला हा नावे-जमेचा मोह लवकर पडतो. पण क्षमेच्या वहीला एकच बाजू असते. आपण लिहिले, पाठविले, येथे आपले काम संपले. समोरच्याने ते केव्हा उघडावे, हे त्याच्या परिणामांवर सोडावे.

दिवाळीत नवीन वही उघडताना आपण पहिल्या पानावर स्वहस्ते ‘श्री’ काढतो, गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्रांच्या ऋद्धीचे स्मरण लिहितो. संगणकावर हिशेब ठेवणारी पेढीदेखील ते पान हातानेच लिहिते. तेथे कोणी शिक्का मारीत नाही. लक्ष्मीसाठी जे पथ्य आपण पाळतो, तेवढे माणसांसाठी पाळणे कठीण नसावे. यंदाच्या सुटीत त्या एका पत्राचा पत्ता आधी लिहावा; मजकूर नंतर सुचतो.

जय जिनेंद्र.